देवघरातला काळा हंस

चौघांनी एकदम चहाला जायचं नाही, हा आमच्या ऑफिसातला नियम कुठल्याही सरकारी परिपत्रकात सापडायचा नाही. तो थेट ऑस्ट्रेलियातून आला होता. तिथले घोडेस्वार म्हणे लढाईच्या जागेपर्यंत घोड्यावर जायचे आणि तिथे उतरून पायी लढायचे. चौघांतले तिघे बंदुका घेऊन पुढे, आणि चौथा चारही घोडे धरून मागे उभा. आमच्या साहेबांनी हे वाचलं त्या दिवसापासून तिघे खाली टपरीवर आणि चौथा वर ऑफिसात. "आज घोडे कोण धरतंय?" असं ते आतून विचारायचे, आणि आम्ही चांगले शिकलेसवरलेले सरकारी नोकर "मी धरतेय साहेब" असं निमूटपणे सांगायचो. नवीन शिपाई रुजू झाला तेव्हा पहिल्याच दिवशी त्याने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, की मॅडम, इथे घोडे नेमके ठेवतात कुठे.

ऑफिस वजनमापांचं. दुकानदारांचे तराजू, वजनं, मापं तपासायची, बरोबर असली तर शिक्का मारायचा, नसली तर नापास करायची. साहेब निरीक्षक, मी त्यांच्या हाताखाली. बेताची उंची, बारा महिने अर्ध्या बाह्यांचा पांढरा बुशशर्ट, आणि खिशाला जिथे लोक पेन लावतात तिथे भिंग. आयुष्यात हा माणूस घोड्यावर बसला नव्हता. घोडा राहू द्या, पडायच्या भीतीने सायकलही शिकला नव्हता. सदाशिव पेठेतल्या घरून ऑफिसला पायी यायचा. आणि ऑस्ट्रेलियातल्या हौशी घोडदळांचा इतिहास आणि त्यांचे बिल्ले या विषयातला हा महाराष्ट्रातला एकमेव जाणकार. दुसरा कोणी असता तर साहेबांनी त्याच्या चुका काढून त्याला कधीच पळवून लावलं असतं.

पाठीमागे आम्ही त्यांना रिसालदार म्हणायचो. एकदा जिन्यात आमच्या हेडक्लार्कच्या तोंडून ते निसटलं आणि साहेब नेमके वरून उतरत होते. आमची पाचावर धारण बसली. साहेब दोन पायऱ्या थांबले आणि म्हणाले, "रिसालदार हा हिंदुस्थानी घोडदळातला हुद्दा. ऑस्ट्रेलियात नव्हता. टिंगल करायची तर माहिती काढून करावी." आणि गेले. तेव्हापासून आम्ही तोंडावरही रिसालदार म्हणू लागलो, आणि त्यांनी तेही चालवून घेतलं.

हौशी घोडदळ म्हणजे काय, हे मला पहिल्याच आठवड्यात ऐकावं लागलं. ही पगारी फौज नव्हे. शेतकरी, मेंढ्यांची लोकर कातरणारे, दुकानदार, एखादा शाळामास्तर. एरवी आपापला धंदा सांभाळायचा, ठरल्या दिवशी कवायतीला जायचं, वर्षातून एकदा छावणी. आणि घोडा ज्याने त्याने आपल्या घरचा आणायचा. इथे ते थांबत, भिंगातून माझ्याकडे पाहत आणि विचारत, "म्हणजे कोण, बाई?" उत्तर ठरलेलं होतं. म्हणजे शिलेदार. मराठ्यांच्या फौजेत स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार, आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. आपल्या इतिहासाचं एक अक्षर न वाचता तिकडे समुद्रापार कोणी शिलेदार उभे केले, याचा त्यांना इतका आनंद होई की ते स्वतः टेबलावरच्या तांब्यातलं पाणी ओतून मला देत.

अर्थात ही विभागणी ऑफिसलाही लागू झाली. स्वतःच्या स्कूटरवर येणारे शिलेदार. सिटी बसने येणारे बारगीर. मी धायरीची; रोज बसने स्वारगेटला उतरून पुढे चालत येणारी, त्यामुळे बारगीर. एकदा मुंबईहून मोठे साहेब तपासणीला आले. रिसालदारांनी ओळख करून दिली, "हे तिघे शिलेदार, ह्या बारगीर." मोठ्या साहेबांना ती आडनावं वाटली. तिघे शिलेदार एकाच ऑफिसात कसे, अशी चौकशी वरून झाली, आणि मला पुढे दीड वर्ष श्रीमती बारगीर या नावाने पत्रं येत राहिली. ती मी घ्यायची, कारण आमच्या खात्यात नाव दुरुस्त करून घेण्यापेक्षा नाव बदलून घेणं सोपं आहे.

विनोद म्हणून साहेबांना एकच येत असे. त्या घोडेस्वारांच्या हॅटवर पिसांचा तुरा असायचा. तो असे इमू पक्ष्याचा. पण परक्या कोणी विचारलं तर ते स्वार सरळ चेहऱ्याने सांगायचे, की ही कांगारूची पिसं आहेत. हा विनोद रिसालदार लग्नात, मुंजीत, एकदा तर सांत्वनाला गेलेल्या घरीही सांगून आले. सांगून झाल्यावर ते वाट बघत. कोणी हसलं नाही तर "कांगारूला पिसं नसतात" एवढं जोडून देत.

ऑस्ट्रेलियात बिल्ले जमवणाऱ्या लोकांचा एक छोटा मेळा होता. त्यांचं एक पत्रक निघायचं, ते पोस्टाने इकडे यायचं. रिसालदार ते रविवारी वाचत आणि सोमवारी उत्तर लिहीत. मी एकदा टंकायला बसले होते, म्हणून पहिलं वाक्य मला पाठ आहे: आपल्या ताज्या अंकात चार चुका आहेत, पाचवी संशयास्पद आहे. नमस्कार नाही, क्षेमकुशल नाही. ते बिचारे लोक मोठे सज्जन. त्यांनी नाताळात घोड्याचं चित्र असलेलं शुभेच्छापत्र पाठवलं. रिसालदारांनी उलट टपाली कळवलं, की चित्रातला लगाम नंतरच्या काळातला आहे. तरी ते त्यांना पत्रक पाठवत राहिले, आणि हळूहळू त्या पत्रकातल्या चुका कमी होत गेल्या.

साहेबांचा आवाज मात्र एका गोष्टीशी येऊन बदलायचा. पहिल्या महायुद्धात त्या स्वारांनी हजारो घोडे बाहेर नेले, आणि युद्ध संपल्यावर मायदेशी परत गेला फक्त एक. रोगराईच्या भीतीने सरकारने आणू दिले नाहीत. काही गोळी घालून संपवले, काही विकले, काही इकडच्या फौजेत आले. तसेही तिकडचे घोडे आपल्याकडे पूर्वीपासून यायचे. वेलर म्हणायचे त्यांना, पुण्याच्या कॅम्पात कितीतरी होते. हे सांगताना साहेब खिडकीबाहेर बघत. "सवयीचा घोडा हो बाई. नावाने हाक मारली की येणारा." मग नाक शिंकरून एखाद्या किराणावाल्याचं वजन नापास करत.

हे सगळं सुरू झालं एका बिल्ल्यापासून. तरुणपणी जुन्या बाजारात लोखंडी कुलूप घ्यायला गेले होते. कुलपांच्या ढिगात पितळी हंस सापडला, वाकड्या मानेचा. कुलूप राहिलं, हंस घरी आला. महिनाभर शोध घेतल्यावर कळलं, की हा पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एका घोडदळाचा बिल्ला, आणि हंस तो तिथला काळा हंस. कोणी वेलर घोडे पोचवायला पुण्यात आला असेल, त्याच्या हॅटवरून पडला असेल, असं त्यांनी ठरवून टाकलं. पुढे इतर बिल्ले पोस्टाने येत गेले, देवाणघेवाणीत मिळत गेले. प्रत्येक बिल्ला ते वजन करून, मापून, भिंगाखाली घालूनच घरात घेत. नोकरीतही त्यांचं तेच. मला त्यांनी शिकवलं होतं, की दुकानदार ओळखीचा निघाला तर आधी वजन तपासायचं, मग नमस्कार करायचा.

काळ्या हंसाचं तेवढं वजन झालं नाही. कारण तो घरी आला त्याच दिवशी काकूंनी, म्हणजे साहेबांच्या पत्नीने, त्याला पाहिलं आणि सरस्वतीचा हंस म्हणून उचलून देवघरात ठेवला. रोज आंघोळ, गंध, कुंकू, फूल. देव्हाऱ्यात बसलेल्याला तराजूत कोण घालणार? साहेब रोज त्याच्यापुढे हात जोडायचे, देवासाठी की ऑस्ट्रेलियासाठी ते त्यांनाच ठाऊक.

वीसेक वर्षं खपून त्यांनी पुस्तक लिहिलं. मराठीत. चारशेवर पानं, पानोपानी बिल्ले, कुठल्या घोडदळाला कुठला पक्षी, कुठलं ब्रीद, युद्धानंतर घोडे काढून मोटारी दिल्या तेव्हा कोण रडलं इथपर्यंत. मुखपृष्ठावर अर्थात काळा हंस, देवघरातच फोटो काढलेला. कुंकू छपाईत पुसलं होतं. सदाशिव पेठेतल्या एका छोट्या सभागृहात शनिवारी संध्याकाळी प्रकाशन ठरलं. महिनाभर आधी आम्हा सगळ्यांना एकेक प्रत मिळाली, वाचून अभिप्राय द्या म्हणून.

साहेबांना पैसा नको होता, पुरस्कार नको होता. त्यांना एक वाचक हवा होता. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण दर सकाळी ते प्रत्येकाच्या टेबलापाशी क्षणभर उगाच थांबायचे. हेडक्लार्क म्हणाले, फारच अभ्यासपूर्ण. साहेबांनी विचारलं, कुठपर्यंत आलात? हेडक्लार्क म्हणाले, मध्यावर. मध्यावर काय आहे, असं साहेबांनी विचारलं आणि हेडक्लार्कना एकाएकी फोन आला. दुसऱ्या शिलेदाराने सांगितलं, की घरी वडील वाचतायत. त्याचे वडील जाऊन तीन वर्षं झाली होती आणि साहेब दहाव्याला आले होते. साहेब माघारी गेले आणि दार लोटून घेतलं. मला त्यांची इतकी दया आली की मी ठरवलं, आपण वाचायचं.

आता खरं सांगते, इतिहासाची मला आवड नाही. पण सिंहगड रोडवर तेव्हा उड्डाणपुलाचं काम चाललं होतं. बस एकेका जागी वीस-वीस मिनिटं उभी. स्कूटरवाले शिलेदार हेल्मेटात घाम गाळत होते आणि मी बारगीर खिडकीशी बसून ऑस्ट्रेलियात होते. पहिली पन्नास पानं जांभया देत गेली. मग माणसं ओळखीची वाटायला लागली. आमच्या धायरीत जमिनी जाऊन इमारती आल्या तेव्हा माझ्या चुलत्याने बैल विकले आणि गोठ्यात जाऊन बसला, ते मला पान नव्वदवर, स्वारांचे घोडे काढून घेतले तिथे, आठवलं. बुधवारी संध्याकाळी मी एकशे त्रेचाळीस पानावर होते. तिथे नकली बिल्ले कसे ओळखावेत ते होतं. अस्सल बिल्ला ठशाखाली दाबून करतात, त्याचं अंग घट्ट. नकली बिल्ला अस्सलावरून साचा घेऊन ओततात. त्याला बारीक छिद्रं राहतात, आणि धातू थंड होताना आकसतो, म्हणून तो अस्सलाहून केसभर लहान भरतो. दुसरा परिच्छेद. साधं, सुरेख लिहिलं होतं.

गुरुवारी सकाळी काकूंनी मला घरी बोलावून हंस माझ्या हातात दिला. कार्यक्रमात काचेच्या पेटीत ठेवायचा होता. "चिंचेने लख्ख कर, आणि कार्यक्रम झाला की आठवणीने परत दे. देव्हारा रिकामा बरा दिसत नाही," असं बजावलं. मी ऑफिसात मोरीवर बसून चिंच लावून घासला. हंस उजळला, पण त्याच्या पंखावरचे लाल ठिपके काही जाईनात. मी ब्रश घेतला, टाचणी घेतली. प्रत्येक ठिपका म्हणजे एक छिद्र होतं, आणि तीस वर्षांचं कुंकू त्यात जाऊन बसलं होतं.

मी मापनपट्टी घेतली, पुस्तकातलं अस्सल माप काढलं. केसभर लहान. काट्यावर ठेवला. दोन ग्रॅम कमी.

ऑफिसात सगळ्यांचं एकमत झालं, की बोलायचं नाही. हेडक्लार्क म्हणाले, परवा प्रकाशन आहे, म्हाताऱ्याला मारायचंय का? पुस्तक कोण वाचणार आहे, कोणाला कळणार आहे? हेच मला सहन झालं नाही. कोणी वाचणार नाही म्हणून चालेल, हे मला त्या माणसाच्या बाबतीत फार नीच वाटलं. जेवणाच्या सुट्टीत मी आत गेले, हंस टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "साहेब, हा ओतीव आहे."

त्यांनी भिंग काढलं. पाहिलं. उलटा करून पाहिलं. स्वतः काट्यावर तीनदा ठेवला. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुम्हाला कसं कळलं?"

"पान एकशे त्रेचाळीस."

"परिच्छेद?"

"दुसरा."

त्यांनी चष्मा परत लावला. मग रजेचा अर्ज लिहिला, अर्ध्या दिवसाचा, कारण या रकान्यात "वैयक्तिक" असं लिहिलं, हंस रुमालात गुंडाळला आणि चालत घरी गेले. इतक्या वर्षांत त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा घेतल्याचं कोणाला आठवत नव्हतं. शुक्रवारी ते आलेच नाहीत. हेडक्लार्क माझ्याशी बोलेनासे झाले. घरी आई म्हणाली, "कशाला सांगाय गेलीस? त्या माणसाजवळ दुसरं हाय काय?" मला रात्रभर तेच ऐकू येत होतं. ज्या एका वस्तूपायी त्यांनी उमर घालवली ती मी टाचणीने टोचून खोटी पाडली होती, तीही त्यांच्याच पुस्तकाच्या आधाराने.

शनिवारी मी सभागृहात गेले. साहेब आले होते, आणि काचेच्या पेटीत हंसही होता. दाढी गुळगुळीत, नवा बुशशर्ट, चेहऱ्यावरून काही कळेना. पुस्तकं विकली जाणार नाहीत याची त्यांना खात्री होती, म्हणून त्यांनी आधीच प्रत्येक खुर्चीवर एक प्रत ठेवली होती. चाळीसेक माणसं आली. काही प्रत उचलून मांडीवर घेऊन बसली, काही तिच्यावरच बसली. काकू पहिल्या रांगेत. त्यांनी मला जवळ बसवलं आणि कानात सांगितलं, की यांच्या तराजूत खोटा असेल, माझ्या देवात तो खराच आहे. आज पेटीतून घरी नेऊन मी त्याला परत बसवणार. मला जरा धीर आला.

प्रमुख पाहुणे एक निवृत्त प्राचार्य होते. त्यांनी ग्रंथ चाळला होता, असं ते म्हणाले. मग ते पंचवीस मिनिटं लेकीकडे मेलबर्नला पाहिलेल्या क्रिकेट सामन्यावर बोलले, आणि तिथे दूध किती दाट मिळतं त्यावर. लोक घड्याळं बघू लागले. मागून बटाटेवड्यांचा वास यायला लागला होता.

मग लेखकाचं मनोगत. साहेब उठले, कागद काढला नाही.

"मुखपृष्ठावरचा बिल्ला खोटा आहे," ते म्हणाले. "गेली तीस वर्षं मी तो खरा समजत होतो. दुसऱ्यांची वजनं तपासली, हे एक तपासलं नाही. ज्यांनी पुस्तक वाचलं, त्या बाईंच्या हे लक्षात आलं. तो खोटा कसा, ते याच पुस्तकात पान एकशे त्रेचाळीसवर, दुसऱ्या परिच्छेदात दिलेलं आहे."

एवढंच बोलून ते बसले.

हेडक्लार्कनी डोळे मिटून घेतले. आणि मग पानांचा आवाज यायला लागला. पुण्याच्या माणसाला पुस्तक वाचा म्हणून सांगा, तो चष्मा घरी राहिल्याचं सांगेल. त्यात चूक आहे म्हणून सांगा, शेजाऱ्याचा चष्मा मागून घेईल. जे प्रतींवर बसले होते ते उठले, त्यांनी बुडाखालच्या प्रती काढल्या. एक आजोबा बोटाने ओळी धरून वाचत होते. एका बाई नवऱ्याला हळू आवाजात परिच्छेद वाचून दाखवत होत्या आणि तो दर ओळीला मुखपृष्ठ उलटून हंसाकडे बघत होता. तिसऱ्या रांगेतून कोणीतरी विचारलं, की एकशे एकोणपन्नासवरच्या बिल्ल्याचं वजन का दिलेलं नाही. म्हणजे तो माणूस सहा पानं पुढे गेला होता. वड्यांची ताटं दारात येऊन थांबली होती आणि तिकडे कोणी बघत नव्हतं.

मी साहेबांकडे पाहिलं. ते खुर्चीच्या कडेवर बसले होते, हात गुडघ्यांवर, आणि त्यांचे डोळे डबडबले होते. चाळीस माणसांतल्या एकेकाकडे ते बघून घेत होते, कोण कुठल्या पानावर आहे ते लांबून ताडत होते. माझंही रडू आवरेना.

प्रमुख पाहुण्यांना मात्र वाटलं, की कार्यक्रम पार बिघडला. भला माणूस, लेखकाला सावरून घ्यावं म्हणून ते उठले, माइक पुढे ओढला, घसा खाकरला. साहेबांनी त्यांच्या कोटाची बाही धरली आणि त्यांना हलकेच खाली ओढलं.

"बसा हो," ते म्हणाले. "लोक वाचतायत."